दोन रिव्हेट कमी

गेले 22 दिवस आमच्या दिवाणखान्यात एक एक्स्प्रेस उभी आहे. सोफ्यापासून हातभर अंतरावर, टीव्हीकडे तोंड करून. इंजिन ठीक आहे, रूळ स्वच्छ आहेत, करंट आहे. फक्त तिला लाइन क्लिअर मिळालेला नाही. तो देणारे माझे सासरे असल्यामुळे वर दाद मागायचीही सोय नाही.

गाडी पाठवली मेव्हण्यानं. तो इंग्लंडात, लेस्टरला असतो. मी बँकेतून निवृत्त झालो तेव्हा त्यानं फोनवर विचारलं होतं, "दाजी, आता वेळ कसा घालवणार?" मी म्हटलं, "बघू." निवृत्त माणसाच्या 'बघू'चे लोक आपापल्या सोयीनं अर्थ काढतात. कुणी भजनी मंडळात नाव घालतं, कुणी सोसायटीचा खजिनदार करून टाकतं. मेव्हण्यानं खोकं पाठवलं.

खोक्यात हिरवंगार वाफेचं इंजिन, त्याच्यामागचं कोळसा-पाण्याचं टेंडर, तीन डबे, लंबगोल मांडायचे रूळ, एक कंट्रोलर आणि अगदी तळाशी एवढीशी प्लास्टिकची पिशवी. त्या पिशवीचं नंतर सांगतो. ती आठवली की माझे गुडघे दुखतात. वर चिठ्ठी होती, 'पिल्लूसाठी.' पिल्लू म्हणजे माझा नातू. खोक्यावर छापलं होतं, वय 8 आणि पुढे. नातू 6 चा, मी 61 चा. सरासरी काढली आणि रूळ जोडायला बसलो.

इंजिन होतं फ्लाइंग स्कॉट्समन. डेक्कन क्वीन जशी तिच्यात कधी न बसलेल्या माणसालाही ठाऊक असते, तसं तिकडे हे इंजिन. रात्री मेव्हण्याचा व्हिडिओ कॉल आला. मला वाटलं, पोचलं का, आवडलं का, असं काही विचारेल. तो म्हणाला, "दाजी, टेंडरच्या डाव्या अंगाचे रिव्हेट मोजलेत?"

मी आयुष्यभर नोटा मोजल्या. रिव्हेटही मोजायचे असतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"इथं क्लबात एकानं मोजले," तो म्हणाला. "जुन्या फोटोशी ताडून बघितले. दोन कमी आहेत."

मधे त्याची नोकरी गेली होती. तेव्हाही त्याचा आवाज इतका खाली गेला नव्हता.

इंग्रजांनी अशा माणसांसाठी खास नाव काढलेलं आहे: रिव्हेट मोजणारे. ते शिवी म्हणून देतात, आणि ज्याला बसते तो कॉलर ताठ करतो. आपल्याला यावर हसायला फारशी जागा नाही. मोदकाच्या कळ्या मोजणारी एक तरी आत्या प्रत्येक घरात असते. 'सतराच आहेत,' म्हणून ती तो मोदक ज्या शांतपणे ताटातून बाजूला काढते, तीच शांतता मेव्हण्याच्या चेहऱ्यावर होती. फरक एवढाच, की मोदक शेवटी खाऊन टाकता येतो.

बरं, रिव्हेटचं एक वेळ सोडा. या इंजिनाची कुंडली मांडायला बसलं तर सातबाऱ्यावरचे फेरफार परवडले. 1923 साली डॉन्कास्टरच्या कारखान्यातून निघालं तेव्हा नंबर 1472. पुढच्या वर्षी वेम्ब्लीच्या साम्राज्य प्रदर्शनात मांडलं तेव्हा 4472. 1928 मध्ये लंडन ते एडिंबरा हे 393 मैल कुठंही न थांबता तोडायचं ठरलं, म्हणून टेंडरच्या कडेनं माणूस जाईल एवढा बोळ काढला, धावत्या गाडीत ड्रायव्हरची पाळी बदलता यावी यासाठी. महायुद्धानंतर नंबर 103. रेल्वे सरकारी झाल्यावर 60103. 1947 मध्ये नवा बॉयलर. 1959 मध्ये एकेरी धुराडं दुहेरी झालं, तेव्हापासून धूर ड्रायव्हरच्या डोळ्यांपुढे रेंगाळायला लागला, म्हणून मग पुढे दोन्ही बाजूंना पत्रे लावले. 1963 मध्ये मोडीत निघायच्या बेतात असताना अ‍ॅलन पेग्लर नावाच्या गृहस्थानं ते विकत घेतलं, पुन्हा हिरवं रंगवलं, 4472 नंबर लावला आणि धुराडं परत एकेरी केलं.

आता हिरवा रंग, 4472 नंबर आणि दुहेरी धुराडं असं मॉडेल कुणी काढलं, तर रिव्हेट मोजणारा आनंदानं 'चूक!' म्हणून ओरडणार. पण पुढे खुद्द खऱ्या इंजिनानंच हिरव्या अंगावर 4472 नंबर लावून दुहेरी धुराडं मिरवलं. म्हणजे काही वर्षं खरं इंजिनच स्वतःचं चुकलेलं मॉडेल होऊन धावत होतं. मेव्हण्याच्या मते ती वर्षं धरायची नाहीत.

आणि या घराण्याचे पूर्वज बघा. मेकॅनोवाल्या फ्रँक हॉर्नबीच्या कंपनीनं 1927 मध्ये टिनपत्र्याचं फ्लाइंग स्कॉट्समन काढलं. खऱ्याला ओढणारी मोठी चाकं सहा, त्याला चार. एकच सांगाडा निरनिराळ्या रेल्वेंच्या रंगात आणि नावात विकायचा होता, मग चाकं मोजत कोण बसतो? त्या वेळच्या पोरांनी हूं की चूं केलं नाही. आज तेच खेळणं सापडलं तर हीच मंडळी ते हातमोजे घालून उचलतात. दोन रिव्हेट कमी असले की गलथानपणा. दोन चाकं कमी असली की पुराणवस्तू.

इथपर्यंत माझं ठीक चाललं होतं. मग पावसाळा लागला आणि नाना आले.

नाना म्हणजे माझे सासरे. वय 84. वाफेच्या इंजिनावर फायरमन म्हणून लागले आणि मेल ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. पुण्याहून मिरजेकडे डिझेलच्या गाड्या नेण्यात त्यांची हयात गेली. मला वाटलं, इंजिन बघून म्हातारा हरखून जाईल. नानांनी इंजिनाकडे बघितलंही नाही. चष्मा कपाळावर चढवला, कमरेत वाकले आणि रुळांकडे बघत राहिले.

"गेज किती?"

"साडेसोळा मिलिमीटर."

"आणि प्रमाण?"

"एकास 76."

नानांनी कालनिर्णयच्या मागच्या पानावर गुणाकार केला. दुधाच्या हिशेबाखाली. दशांश चिन्हासकट. मग पेन्सिल कानावर ठेवून म्हणाले, "तिकडचा रूळ चार फूट साडेआठ इंचांचा. हा भरतो चार फूट दीड इंच. जावईबापू, सात इंच कुणी खाल्ले?"

आयुष्यभर ऑडिटला तोंड दिलेल्या माणसाच्याही पोटात अशा प्रश्नानं गोळा येतो. मी रात्री जागून उत्तर शोधलं. गोष्ट जुनी आहे. बाकीच्या युरोपात टेबलावरची रेल्वे एकास 87 या मापात स्थिरावली. तिथं साडेसोळाचा रूळ चोख बसतो; 87 पट केली की बरोबर 1435 मिलिमीटर. इंग्लंडात मात्र रेल्वे पहिल्यांदा आली, त्यामुळे बोगदे आणि पूल अरुंद, त्यामुळे इंजिनं अंगानं बारीक. 1922 मध्ये न्युरेंबर्गच्या बिंग कंपनीनं इंग्लंडच्या बॅसेट-लोकसाठी टेबलावर मावणारी रेल्वे काढली, तेव्हापासून हे लचांड मागे लागलं: 87 च्या मापात केलेल्या किडकिडीत इंग्रजी इंजिनाच्या पोटात त्या काळचं यंत्र मावेना. मग त्यांनी काय केलं? अंग 76 च्या मापानं फुगवलं आणि रूळ होता तोच ठेवला. सदरा 42 चा, पायजमा 36 चा. गेली शंभर वर्षं इंग्लंडातल्या बहुसंख्य मॉडेल गाड्या या तोकड्या पायजम्यावर धावताहेत.

हे न खपणारे लोक तिथं आहेतच. एक पंथ रूळ 18.2 मिलिमीटरचा मानतो. दुसरा म्हणतो, अचूक आकडा 18.83 आणि बाकी सगळा ढोंगीपणा. या पंथांत गेलं की इंजिन विकत घेतल्याबरोबर त्याची चाकं काढून टाकून दुसरी बसवावी लागतात. दोघांमधलं अंतर 0.63 मिलिमीटर. आमच्या सोसायटीत पार्किंगच्या पट्ट्यावरून ए आणि बी विंग एकमेकांशी बोलत नाहीत, पण तो पट्टा निदान चष्मा लावून दिसतो.

दुसऱ्या दिवशी नानांनी रुळाची उंची काढली. या मॉडेलवाल्यांकडे रुळाची उंची इंचाच्या हजाराव्या भागात सांगतात. आमचा रूळ 'कोड 100', म्हणजे इंचाचा दहावा भाग. 76 पट केली की 19 सेंटिमीटरच्या वर. "आपला मेन लाइनचा 60 किलोचा रूळ 172 मिलिमीटर उंच," नाना म्हणाले. "यावरनं काय रणगाडे न्यायचेत?" मी म्हटलं, "नाना, पण धातू उत्तम आहे, निकेल सिल्व्हर." त्यांनी विचारलं, "चांदी किती टक्के?" चांदी शून्य टक्के. तांबं, जस्त आणि निकेल. नाना हसले.

थोडक्यात, रुळाची रुंदी खोटी, उंची खोटी, नावातली चांदी खोटी, आणि त्यावर उभ्या असलेल्या इंजिनाला दोन रिव्हेट कमी म्हणून लेस्टरमध्ये शोकसभा.

वळणाचं तर मी नानांना सांगणारच नव्हतो, पण त्यांनी टेप मागितली. त्रिज्या 438 मिलिमीटर. हे म्हणे दुसऱ्या नंबरचं वळण. पहिल्या नंबरचं याहून लहान असतं. खऱ्या मापात 33 मीटर. आपल्या ब्रॉडगेजला 175 मीटरच्या आत वळण देत नाहीत. नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "या वळणावर मी गाडी घातली असती, तर तुम्हाला सासरा पेन्शनीशिवाय मिळाला असता."

त्याच वळणावरून पिल्लू गाडी न्यायचा. कंट्रोलरचं बटण पुरतं पिळून. साडेतीन मीटरची फेरी दोन सेकंदांत. मी हिशेब केला, ताशी 480 किलोमीटर. ज्या इंजिनानं 1934 मध्ये ताशी 100 मैल गाठले म्हणून इतिहासात नाव झालं, त्याला पिल्लूनं दुपारच्या जेवणाआधी तिप्पट पळवलं. वाफेच्या इंजिनाचा जागतिक विक्रम, 1938 चा, मॅलार्डच्या नावावर आहे: 126 मैल. तोही वरणभात गार व्हायच्या आत मोडला. रिव्हेट मोजणारे याबद्दल काही बोलत नाहीत. त्यांची बहुतेक इंजिनं काचेच्या कपाटात असतात, तिथं वेगमर्यादा पाळली जाते.

एक दिवस नानांनी हळूच विचारलं, "यात माझं इंजिन मिळतं का?" त्यांचं इंजिन म्हणजे डब्ल्यूडीएम-2, 112.8 टनांचं धूड. मी चौकशी केली. भारतीय गाड्या करणारे हौशी लोक आहेत, पण ते एकास 87 च्या मापात करतात. वजन त्या प्रमाणात उतरवायचं तर 87 नं तीनदा भागायचं. मी भागलं, 171 ग्रॅम आले. नाना म्हणाले, "पाव किलो पेढ्यांचा पुडा याच्यापेक्षा जड." आणि पुढची अडचण रुळाची. आपली ब्रॉडगेज 1676 मिलिमीटर. 87 च्या मापात रूळ सव्वाएकोणीस मिलिमीटरचा हवा. बाजारात मिळतो साडेसोळाचा. म्हणजे इंग्लंडात होतं तेच, पायजमा पुन्हा तोकडा. "साडेसोळाचा म्हणजे खऱ्यातला 1435," नाना म्हणाले. "हा तर मेट्रोचा रूळ. माझं इंजिन मेट्रोच्या रुळावर?" ते उठून गॅलरीत गेले. पुणे मेट्रोवर त्यांचा राग नाही, पण नात्यागोत्याच्या काही मर्यादा असतात.

त्यांचं मन रमावं म्हणून त्यांना कोथरूडला भाऊसाहेब जोशींच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात नेलं. 1998 साली उघडलेलं हे संग्रहालय पुणेकर पाहुण्यांना दाखवतात आणि स्वतः बघायचं राहून जातं. तिथं मुलं गाड्यांकडे बघत होती, मुलांचे बाप मोबाइलमधून गाड्यांकडे बघत होते आणि नाना सिग्नलकडे बघत होते. लाल झाला की गाडी थांबते का, हिरवा झाल्यावरच हलते का. अर्धा तास बघून बाहेर आले आणि म्हणाले, "शिस्त आहे." एवढं कौतुक त्यांनी माझ्या लग्नातही केलं नव्हतं.

घरी आल्यावर मला सुरसुरी आली. सहा बाय चारचा प्लायवूड आणला, चार विटांवर ठेवला, रूळ खिळले, आणि ठरवलं की आपला एक घाट हवा. बोरघाटाचा चढ 37 ला एक. म्हणजे गाडी पाच सेंटिमीटर वर चढवायची तर 185 सेंटिमीटर लांबी पाहिजे. माझ्या प्लायवूडची एक अख्खी बाजू संपली. चढाखाली टेकू म्हणून बँकिंग कायद्याचे खंड लावले, निवृत्तीनंतर त्यांचा पहिलाच उपयोग. पिल्लूनं गाडी सोडली. इंजिन चढाच्या पायथ्याशी आलं आणि जागच्या जागी चाकं फिरवत राहिलं.

"बँकर लागेल," नाना म्हणाले.

"मी आहे की," मी म्हटलं.

नानांनी माझ्याकडे बघितलं. घाटात गाडीला मागून रेटणाऱ्या इंजिनाला रेल्वेत बँकर म्हणतात, हे 31 वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला त्या दिवशी कळलं. तरी मी बोटानं मागून रेटली. गाडी वर गेली. नाना म्हणाले, "चला, नोकरी वाया नाही गेली."

पण त्यांना ते मनापासून पटलं नव्हतं. मी चहा करायला गेलो, तेवढ्यात ते पिल्लूला सांगत बसले, की शिंदवण्याच्या घाटात पावसात चाक घसरायला लागलं की आम्ही रुळावर वाळू सोडायचो. पिल्लू हुशार आहे. वाळू नव्हती, म्हणून त्यानं देवघरातली रांगोळी आणली. मी चहा घेऊन आलो तेव्हा अख्खा घाट पांढराशुभ्र झाला होता आणि इंजिन ठार बंद. खऱ्या इंजिनाला वाळूनं पकड येते. याला रुळातूनच करंट येतो. रांगोळी मधे आली की चूल विझली. पुढचे दोन दिवस मी टूथब्रश आणि स्पिरिट घेऊन फ्लाइंग स्कॉट्समनच्या दात्यांतून रांगोळी काढत होतो. गुलाबी नव्हती एवढंच नशीब.

मग खडीचा प्रयोग. रुळाखाली बारीक खडी पसरायची, फेव्हिकॉल पाण्यात पातळ करायचा, त्यात भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब टाकायचा म्हणजे तो नीट झिरपतो, आणि ड्रॉपरनं सोडायचा. कृती साधी आहे. माझ्याकडून तो सांध्याच्या पात्यांतही झिरपला. आता तो सांधा कायमचा यार्डाकडे लागलेला आहे. यार्ड अजून बांधलेलं नाही.

मधल्या काळात मेव्हण्यानं नवं इंजिन घेतलं होतं, दोनशे पौंडांच्या वरचं. कॉलवर दाखवलं तेव्हा ते ओळखू येईना; काजळी, गंज, बॉयलरवर क्षारांचे पांढरे ओघळ. "सेकंडहँड मिळालं का?" मी सहानुभूतीनं विचारलं. तो दुखावला. हे त्यानं दोन आठवडे खपून स्वतः मळवलं होतं. त्यासाठी वेगळे रंग मिळतात, पावडरी मिळतात. कारखान्यातूनच मळवलेलं हवं असेल तर वर पैसे पडतात. नाना मागून ऐकत होते. "आम्ही जन्मभर कॉटन वेस्ट घेऊन इंजिन पुसलं," ते म्हणाले, "आणि हे पैसे देऊन घाण करतात." बायकोनं सुचवलं की आमच्या एक्झॉस्ट फॅनखाली आठवडाभर ठेवलं तर फुकटात काम होईल.

त्या इंजिनात आवाजही भरलेले होते. बोटाच्या पेराएवढा स्पीकर, पण शिट्टी, वाफ, ब्रेक, आणि इंजिन नुसतं उभं असलं की आतून फावड्यानं कोळसा टाकल्याची खरखर. मेव्हण्यानं मोबाइल त्या इंजिनाजवळ धरला. नानांनी डोळे मिटून ऐकलं. आम्ही सगळे गप्प. 84 वर्षांच्या माणसाच्या मनात काय काय उठलं असेल, असं वाटून बायकोनं डोळ्याला पदर लावला. नाना डोळे उघडून म्हणाले, "फायरमन नवशिका आहे. एकाच जागी टाकतोय."

आता ती पिशवी. इंजिन पूर्ण तयार येत नाही. ब्रेकचे पाइप, आकडे, पायऱ्या असले भाग त्या पिशवीत सुटे असतात, ते आपण बसवायचे. प्रत्येक भाग जिऱ्याएवढा. चिमट्यात धरला की तो सुळकन उडतो आणि या विश्वातून नाहीसा होतो. आमची फरशी जुन्या मोझेइकची. तिच्यात काळे, पांढरे, तपकिरी असे लाखो ठिपके, आणि त्यातला एक ब्रेक पाइप. मी दोन संध्याकाळी रांगत होतो. बायकोनं रविवारी सकाळी 10 ते 12 मेगाब्लॉक जाहीर केलेला असतो, त्यात मावशी केर काढतात. त्यांनी सुपलीतून चिमटीत काहीतरी उचललं आणि विचारलं, "साहेब, हे तुमचं का?"

ते जिरंच होतं. फोडणीतून निसटलेलं. मी त्याच्याकडे बघितलं, खोक्यावरच्या चित्राकडे बघितलं. लांबी तीच, बाक तोच. काळ्या रंगात बुडवलं, वाळवलं आणि बफरखाली चिकटवलं. रात्री कॉलवर मेव्हण्यानं कॅमेरा जवळ न्यायला सांगितला. बराच वेळ बघितलं. "दाजी, पाइप मस्त बसवलाय. टेक्स्चर बघा काय आलंय!" तेव्हापासून माझा आत्मविश्वास वाढला आहे. बडीशेपही घरात आहे.

आणि मग तो रविवार आला, 22 दिवसांपूर्वीचा. रूळ चकाचक, घाट रद्द, पिल्लू ड्रायव्हर. नाना स्टेशन मास्तर म्हणून सोफ्याजवळ खुर्ची टाकून बसले. गाडी निघाली, टीव्हीच्या बाजूनं गेली, वळणावरून हळू आली. वेगमर्यादा आता घरात लागू झालेली आहे. सोफ्याजवळ आली आणि नानांनी लाल रुमाल दाखवला.

"शेवटच्या डब्याला एल. व्ही. कुठंय?"

ज्यांनी प्लॅटफॉर्मवर उभं राहून गाडी जाताना बघितली आहे, त्यांना ती पिवळी पाटी आठवेल. सगळ्यात मागच्या डब्याला लटकवलेली, इंग्रजी 'एल. व्ही.' म्हणजे 'हा शेवटचा डबा'. ती दिसली तरच स्टेशन मास्तर मानतो की गाडी पुरती आली, मधे कुठं तुटून डबे मागे राहिले नाहीत. तेव्हाच मागच्या गाडीला वाट. पाटी लावायची जबाबदारी गार्डची. त्याला 2022 पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात, आमच्याकडे तोही नव्हता.

"पणजोबा, तीनच डबे आहेत," पिल्लू म्हणाला. "तिन्ही दिसतायत."

"मला दिसतायत," नाना म्हणाले. "नियमाला दिसत नाहीत."

आता आमच्याकडे एकच गाडी आणि एकच गोल रूळ. म्हणजे पुढची गाडी तीच आणि मागची गाडीही तीच. ती पुरती आल्याची नोंद होत नाही, म्हणून तिच्यामुळे तिलाच लाइन मिळत नाही. मी मेव्हण्याला फोन लावला. म्हटलं, तुझ्याकडच्या गाड्यांना मागे काय असतं? तो म्हणाला, इकडे पाटी नाही, लाल दिवा. दिवसा आणि रात्रीही. नानांनी फोन घेतला.

"तुझ्या गाड्यांना आहे?"

पलीकडे शांतता. मागे कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला.

"किती गाड्या आहेत तुझ्याकडे?"

"अकरा, नाना."

"किती वर्षं चालवतोयस?"

"चौदा."

"अकराच्या अकरा सेक्शनमध्ये अडकल्यात," नाना म्हणाले आणि फोन माझ्या हातात दिला. दोन रिव्हेटसाठी हळहळणारा माणूस चौदा वर्षं विनादिव्याच्या गाड्या सोडत होता.

मी लगेच कामाला लागलो. लग्नपत्रिकेचा पिवळा कोपरा कापून चार मिलिमीटरची पाटी केली, सुईच्या टोकानं त्यावर दोन अक्षरं काढली. हात कापत होता, पाच पाट्या फुकट गेल्या, सहावी जमली. शेवटच्या डब्याला लावली तेव्हा दिवेलागण झाली होती. नानांनी भिंगातून बघितली. "अक्षर सुबक आहे," म्हणाले. मग खिडकीबाहेर बघितलं. "पण सूर्य मावळला. आता पाटी चालत नाही, लाल दिवा लागेल."

मी सकाळची वाट बघितली. सकाळी नाना म्हणाले, "रात्रभर विचार केला. गाडी इंग्लंडची ना? मग नियमही तिकडचाच. दिवसासुद्धा दिवा."

मेव्हण्यानं त्याच दिवशी दिव्यांची ऑर्डर दिली. बारा. अकरा स्वतःसाठी आणि एक आमच्यासाठी. पार्सल काल संध्याकाळी कस्टममधून सुटून आलं. कापसात गुंडाळलेला दिवा, तीन मिलिमीटरचा, पांढरं अंग, वर उचलायची कडी, पुढे लालभडक भिंग. कडीच्या मुळाशी खिळासुद्धा दाखवलेला आहे. भिंगातून बघितलं तेव्हा थक्क झालो.

फक्त तो पेटत नाही. नुसता रंगवलेला आहे.

नानांना अजून दाखवलेला नाही.